दोन्ही दारे बंद झाली तेव्हा



ह्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकावे, हा आमचा आजवरचा शिरस्ता. तो मोडण्याचे धाडस चिटणिसांच्या आग्रहामुळे करीत आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, मोफत वाचनालयांत आणि कामगारांच्या खोल्यांतून झाले. तेव्हा विवेचनात कोठे विद्वत्तेची शिस्त सुटली तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

विषय असा दिला आहे: समाजावर एकाच वेळी अनेक संकटे कोसळली म्हणजे माणसाच्या समाधानाचे काय होते? हा प्रश्न चिटणिसांना का सुचला, हे आपण सर्वजण जाणतो. २०२० च्या मार्च महिन्यात २५ तारखेस देशभर टाळेबंदी लागली. एकीकडे रोग, दुसरीकडे रोजगार गेलेला, गाड्या बंद. आणि लाखो माणसे डोक्यावर बोचकी घेऊन पायी गावाकडे निघाली. ८ मे रोजी तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपी गेलेल्या सोळा कामगारांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून निघाले होते आणि मध्य प्रदेशातील आपल्या गावी जात होते. त्या दिवसांत पुष्कळ सुशिक्षित माणसे आम्हांस विचारीत, "अहो, जेवण देऊ म्हणतात, निवारा देऊ म्हणतात, मग हे लोक आहेत तेथे थांबत का नाहीत?" ह्या प्रश्नाचे उत्तर २०२० सालात शोधून मिळावयाचे नाही. ते सव्वाशे वर्षे मागे, मुंबईच्या परळ-लालबागेत जाऊन शोधावे लागते. म्हणून आजचे आमचे भाषण गिरणी कामगाराच्या इतिहासावर आहे. खरे सांगावयाचे तर दुसरा कोणताही इतिहास आम्हांस पोटातून ठाऊक नाही.

अलीकडे समाधान मोजण्याची एक रीत निघाली आहे. माणसाला सांगावयाचे, एक शिडी डोळ्यांपुढे आण. सर्वांत वरच्या पायरीवर उत्तमात उत्तम जिणे, तळाशी वाईटात वाईट. शून्यापासून दहापर्यंत मोज आणि आज तू कोठे उभा आहेस ते सांग. अशा उत्तरांची सरासरी काढून देशादेशांचा क्रम लावतात आणि त्याचा अहवाल छापतात. आम्ही ह्या रीतीची थट्टा करीत नाही. माणसाला विचारून घेणे हे न विचारण्यापेक्षा केव्हाही बरे. परंतु १८९७ साली परळच्या चाळीत शिडी घेऊन कोणी गेले नव्हते. तेव्हाच्या कामगाराची रोजनिशी नाही, आत्मचरित्र नाही. त्याच्याविषयी जे लिहिले ते पोलिसांनी, आरोग्य खात्याने आणि गिरणी मालकांनी लिहिले. त्यांच्याच कागदांतून आपल्याला त्याचे मन काढावयाचे आहे. त्याला उपाय एकच. तो कोठे गेला, कशाला नाही म्हणाला, हातातल्या कोणत्या पैशावर त्याने पाणी सोडले आणि कोणत्या गोष्टीसाठी दगड उचलला, हे पाहावयाचे.

आधी ह्या माणसाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईचा गिरणी कामगार हा कधीही केवळ मुंबईचा नव्हता. त्याची मोठी भरती रत्नागिरी जिल्ह्यातून. उरलेला पुष्कळसा सातारा, पुणे, अहमदनगर ह्या घाटावरच्या मुलखातून. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणारे पण रत्नागिरीत जन्मलेले लोक दोन लाखांहून अधिक भरले. बायकामुले गावी, तुकडाभर जमीन गावी, कुलदैवत गावी. आणि पगार मुंबईत. पाऊस दगा देऊ लागला की मुंबईच्या पगारातून सावकाराचे व्याज जाई. गिरणी बंद पडली, दुखणे आले, मुकादमाशी बिनसले, की कामगार गावचा रस्ता धरी. ह्या घराला दोन दारे होती. एक बंद झाले तर दुसऱ्याने बाहेर पडता येई. आमचे म्हणणे असे आहे की, गरीब माणसाचे समाधान त्याच्या ताटात किती पडते ह्यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ते हे दुसरे दार उघडे आहे की नाही ह्यावर अवलंबून असते. एकटे संकट त्याला कर्जात टाकते, परंतु तो निभावतो. दोन-तीन संकटे एकदम आली म्हणजे ती एकमेकांत नुसती मिळवली जात नाहीत. ती त्याची परतीची वाट तोडतात, आणि तेथून गोष्ट वेगळी होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांना गाठीच्या तापाचे रोगी आढळले. हाच तो प्लेग. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. वखारीत उंदीर आणि उंदरांवर पिसवा. परंतु उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी तेव्हा उलगडलेली नव्हती. सरकारला वाटे रोग घाणीत आहे, म्हणून गटारे धुतली, घरे चुन्याने सारवली, कौले काढून आत ऊन सोडले आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारांवर 'यू. एच. एच.' ही अक्षरे रंगवली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरात शिरून झडती घेणे, रोग्याला इस्पितळात नेणे, आप्तांना छावणीत ठेवणे, प्रवाशांना स्टेशनवर अडवून तपासणे, हे सर्व अधिकार त्याने दिले. हाच कायदा २०२० साली पुन्हा बाहेर काढण्यात आला, हे येथे सहज नमूद करतो.

आता कामगाराने काय केले? १८९६ च्या ऑक्टोबरातच गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसांची मोमियाई काढतात, अशी वदंता होती. आज आपण हसतो. पण त्या इस्पितळात नेलेल्यांपैकी पुष्कळ जण खरोखरच परत येत नव्हते. आणि नेणाऱ्याने घरच्यांना कधी विश्वासाने चार शब्द सांगितले नव्हते. अडाण्याच्या वदंतेत निम्मी चूक अडाण्याची असते, आणि निम्मी न सांगणाऱ्या शहाण्याची. १८९८ च्या मार्चमध्ये जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली, गोळीबार झाला; त्यानंतर मात्र सरकारने जबरदस्ती हळूहळू सैल केली. पुण्यात रँडने सोल्जरांकडून घरे तपासली व त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, ते येथे सांगावयास नको.

दंगल करणारे थोडे. बहुसंख्य लोकांनी साधी गोष्ट केली: ते निघून गेले. १८९७ च्या जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत सुमारे निम्मे शहर रिते झाले होते. आगबोटींवर गर्दी, रेल्वेवर गर्दी, घाटाच्या रस्त्यांवर गाडीवाट्यांनी चाललेली माणसे. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटली.

आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडली. ती आम्ही प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माणसे पळाल्यामुळे गिरण्या उभ्या राहीनात, आणि मालक नाक्यानाक्यावर मजूर मिळविण्यासाठी एकमेकांवर बोली लावू लागले. गिरणी मालकांचा संघ १८७५ पासून होता, परंतु त्याची एकजूट ह्या आठवड्यांत टिकली नाही. कामगारांनी मागणी काय केली? रोजचा पगार रोज. ह्याचा अर्थ कळण्यासाठी तेव्हाची पगाराची पद्धत ठाऊक पाहिजे. महिन्याचा पगार पुढल्या महिन्यात, तोही बरेच दिवस लोटल्यावर हाती पडे. म्हणजे कामगाराची चार-सहा आठवड्यांची मिळकत सदैव मालकाच्या तिजोरीत अडकलेली. मधेच निघून गेला तर ती बुडाली. हा साखळदंड होता. रोजच्या पगाराने तो तुटला. संध्याकाळी पैसे मोजून घेतले की कामगार मोकळा: वाटले तर उद्या यावे, वाटले तर रात्रीची बोट धरावी.

म्हणजे पाहा, मृत्यू दारोदार फिरत असताना ह्या माणसाने दुप्पट मजुरी मागण्याआधी निघून जाण्याची मोकळीक मागितली. अर्थशास्त्रातला मनुष्य असता तर म्हणाला असता, माणसे कमी झाली आहेत, भाव वाढला आहे, चार महिने राहून गाठीला बांधावे. काही राहिले, त्यांनी वाढीव पैसा घेतला. परंतु तो पैसा समोर दिसत असतानाही हजारो लोक गेले. त्यांना मरणाचे भय नव्हते असे नाही. भय दोघांनाही होते, जाणाऱ्याला आणि राहणाऱ्याला. जाणाऱ्याचा हिशेब एवढाच असावा की, मरण येणारच असेल तर ते आपल्या माणसांच्या हाती यावे. परक्या शिपायाने डोलीत घालून नेलेल्या जागी येऊ नये. शिडीच्या पायऱ्यांत हा हिशेब कोठे बसवावा, हे आम्हांस सुचत नाही.

साथ ओसरू लागताच मालकांनी रोजचा पगार बंद करून महिन्याची रीत परत आणली. त्यावरून तंटे झाले, काम बंद पडले, पण कामगार हरला. त्यांचा कैवार घेऊन बोलणारा माणूसही तेव्हा उरला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांच्या खटपटीने १८९० च्या १० जूनपासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळू लागली, ते ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगानेच गेले. एक महिन्याने, १० मार्चला, पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. रोगी उचलावयास पुढे होणारी माणसे आधी जातात, आणि साथ संपल्यावर जे भांडण होते त्यात त्यांची जागा रिकामी असते. आमच्या चळवळीचा इतिहास लिहिणारांनी ह्या गोष्टीकडे फारसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे मत आहे.

आतापर्यंत मी "गावी गेला" असे सरसकट म्हणालो. परंतु कोणत्या गावी? ह्यातच सारा फरक आहे. रत्नागिरीकडच्या कामगाराला बंदरावर तपासणी सोसावी लागली, भाताचा भाव चढलेला सोसावा लागला, तरी त्याच्या मुलखात पाऊस झाला होता. घाटावरच्या कामगाराचे तसे नव्हते. १८९६ चा परतीचा पाऊस दख्खनमध्ये पडलाच नाही. ज्वारी करपली, रब्बी पेरताच आली नाही. त्यामुळे नगर-सोलापूरकडचा मनुष्य प्लेगातून निघून दुष्काळात शिरला. शहरातून पगार जाणे बंद झाले ते नेमके घरी सर्वाधिक गरज असताना. सारा तहकूब करावा, दुष्काळाच्या कायद्याप्रमाणे सूट द्यावी, म्हणून लोकमान्यांच्या माणसांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्याला त्याचे हक्क समजावून सांगितले. ह्या उद्योगाबद्दल सार्वजनिक सभेची सरकारदरबारची मान्यता गेली.

१८९९ साली तर पाऊस जवळजवळ आलाच नाही. गुजराथेत संवत १९५६ म्हणून त्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात. दुष्काळी कामांवर पुरुषांनी खडी फोडावी, बायकांनी पाट्या वाहाव्या. काम मापात भरले नाही तर मजुरी कापली जाई, आणि उपाशी माणसाचे काम मापात कसे भरावे? त्यात १९०० साली ह्या गर्दीच्या छावण्यांत पटकी पसरली. आणि मुंबईचे दार? चीनच्या बाजारात सुताला गिऱ्हाईक राहिले नव्हते. काही गिरण्या बंद, काहींचे काम निम्म्यावर, आणि प्लेग दर हिवाळ्याला परत येत होता. म्हणजे १८९७ मध्ये ज्याला नाक्यावर बोली लागली, त्याच कामगाराला तीन वर्षांनी गावात दाणा नाही आणि शहरात काम नाही. १८९७ चे दंगे, मागण्या, आवाज पुष्कळ आढळतात. १९०० साली आवाज जवळजवळ नाहीच. सरकारी अधिकाऱ्यांना अशा वेळी लोक शांत आहेत असे लिहिण्याची सवय असते. ती शांतता समाधानाची नव्हती, हे सांगावयास पुरावा लागू नये.

ह्यावरून एखादा म्हणेल, दोन्ही दारे बंद झाली की माणूस मुका होतो, हाच तुमचा सिद्धांत. आम्हीही पुष्कळ दिवस तसेच समजत होतो. १९१८-१९ चे वर्ष अभ्यासले तेव्हा तो डगमगला.

महायुद्धाचे चौथे वर्ष. धान्य, कापड, रॉकेल सर्वच महाग. १९१८ च्या जूनमध्ये गोदीवर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने पडले. हा नवा ताप जहाजांबरोबर आला आणि महिन्याभरात ओसरलाही. लोकांना वाटले, गेला. सप्टेंबरात तो परत आला तो मारक होऊन. आमच्या आजीच्या तोंडी त्याचे नाव 'मानमोडी' असे होते; माणूस मान टाकी आणि जाई. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सबंध हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे गेली. प्लेगाप्रमाणे ह्या रोगाला उंदराची गरज नव्हती आणि तो म्हातारेकोतारेही निवडत नव्हता. वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे, आणि त्यांतही बायका, जास्त गेल्या. समान तरी तो होता का? मुंबईच्या आरोग्य खात्याने जातवार आकडे काढले. युरोपियन हजारी ८, पारशी हजारी ९; आणि ज्यांना त्या तक्त्यात 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले आहे ते हजारी ६१. एकाच शहरातली, एकाच महिन्यांतली हवा. हा तक्ता आम्ही कामगारांच्या अभ्यासवर्गात फळ्यावर लिहीत असू आणि पुढे काही बोलत नसू.

त्याच वर्षी पावसानेही पाठ फिरवली. जे थोडे पीक उभे होते ते कापावयाच्या आणि रब्बी पेरावयाच्या दिवसांतच मानमोडी खेड्यांत शिरली. शेतात माणूस नाही. १८९७ मध्ये खेडे हा आसरा होता. १९१८ मध्ये खेड्यात रोग, खेड्यात दुष्काळ. उलट दुष्काळग्रस्तांचेच लोंढे मुंबईकडे येऊ लागले. शहरात पगार होता, पण त्याला किंमत राहिली नव्हती. १५ टक्के भत्ता मिळे. बाजारभाव त्याच्या कितीतरी पुढे. गिरण्यांना मात्र युद्धाने भरभराट आणली होती, कारण विलायती कापड येईनासे झाले होते. रात्री खोलीत दोन बिछाने रिकामे, सकाळी गिरणीत साचे पूर्ण वेगाने चालू, हे त्या हिवाळ्याचे चित्र.

९ जानेवारी १९१९ पासून संप सुरू झाला. त्या भीषण ऑक्टोबराला तीन महिनेच होत होते. थोड्याच दिवसांत लाखाहून अधिक कामगार बाहेर होते आणि गिरणगावचे भोंगे थांबले. आज आपण ज्याला युनियन म्हणतो तशी एकही संघटना तेव्हा कामगारांत नव्हती. कामगार हितवर्धक सभा होती, सोशल सर्व्हिस लीग होती. परंतु त्या हितचिंतकांच्या सभा, लढणाऱ्यांच्या नव्हेत. एका गिरणीचे लोक बाहेर पडत, शेजारच्या गिरणीच्या दारावर जात, आणि तेथलेही बाहेर येत. पंधरा टक्क्यांचा भत्ता पस्तीस टक्के झाला. पुढल्या जानेवारीत पुन्हा सर्वत्र संप. त्यातून दहा तासांचा दिवस आला. १९२० च्या ३१ ऑक्टोबरला मुंबईत लाला लजपतराय ह्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली.

१९०० मध्ये मुका झालेला कामगार १९१९ मध्ये उभा कसा राहिला? दोन्ही वेळा दारे बंदच होती. आम्हा युनियनवाल्यांची एक खोड आहे, प्रत्येक आपत्तीच्या पोटात आम्हांला संपच दिसतो. म्हणून हे उत्तर आम्ही जरा जपून देतो. पहिली गोष्ट, १९१९ मध्ये गिरण्या नफ्यात होत्या, बंद ठेवणे मालकाला परवडत नव्हते. १९०० मध्ये मालकालाच गिरणी चालवणे नकोसे झाले होते. हे कारण मोठे आहे व ते लपवण्यात अर्थ नाही. दुसरे असे की, प्लेगात माणूस शेजाऱ्यापासून पळाला; मानमोडीत पळावयास जागा नसल्यामुळे तो शेजाऱ्यापाशीच राहिला. शाळांतून तात्पुरती इस्पितळे निघाली, जातीजातींच्या मंडळ्यांनी आणि स्वयंसेवकांनी औषध-दूध घरोघर पोचवले, प्रेते उचलली. ज्या चाळीत शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या तोंडात पाणी घातले, तीच चाळ तीन महिन्यांनी एका सुरात 'कामावर जायचे नाही' म्हणाली. ह्या दोहोंत नाते आहे असे आम्हांस वाटते. कागदोपत्री सिद्ध करून दाखवा म्हणाल तर दाखवता येणार नाही. परंतु चाळीत आयुष्य काढलेल्या माणसाला ते पटवून द्यावे लागत नाही.

मग १९१९ चा कामगार समाधानी होता काय? मुळीच नव्हता. परंतु असमाधानाचेही दोन प्रकार आहेत. एकात मनुष्य म्हणतो, माझे नशीब. दुसऱ्यात म्हणतो, माझी मजुरी. १९१८ च्या ऑक्टोबरात पहिला प्रकार होता, १९१९ च्या जानेवारीत दुसरा.

पुढची उदाहरणे जवळची आहेत, म्हणून लवकर सांगतो. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. त्याला लागूनच १९७३ च्या अखेरीस जगभर तेलाचे भाव भडकले आणि महागाईने कळस गाठला. पाऊस १८९९ सारखाच रुसला होता, तरी माणसे त्या संख्येने मेली नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख लोक राज्यातल्या दुष्काळी कामांवर होते. खडी तीच, पाटी तीच. पण काम मागण्याचा हक्क आहे, अशी भावना तेथे होती, वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ मध्ये कायदाच झाला. शहरात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ह्यांनी लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणल्या. खेड्याचे दार ह्या वेळी सरकारने, लोकांच्या रेट्याखाली का होईना, अर्धे उघडे ठेवले. म्हणून संकटांची गर्दी असूनही १९७३ साली लोक रागावलेले दिसतात, खचलेले दिसत नाहीत.

१९८२ च्या संपाविषयी आम्ही तटस्थपणे बोलू शकत नाही. १८ जानेवारीला तो सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर. आमचे वडील साच्यावर होते, ते त्यांतले एक. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे. महिन्याभरात आम्हां भावंडांना आईबरोबर कोकणात धाडले. संप इतका लांबू शकला तो गावच्या तांदळावर, हे आमचे ठाम मत आहे. आणि तो तुटला तो गावचा तांदूळ संपल्यावर. गिरण्यांची जागा सोन्याच्या भावाची होऊ लागली होती, ह्या तिसऱ्या संकटाची तर आमच्या खोलीत कोणाला कल्पनाही नव्हती. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुढे पुष्कळ वर्षे ते गावच्या ओटीवर बसून भोंग्याच्या वेळा सांगत, सात वाजले की म्हणत, "पहिली पाळी लागली."

ह्या साऱ्या इतिहासात एक माणूस कोणत्याही कागदात नीट सापडत नाही, ती म्हणजे खानावळवाली. घर गावी असलेल्या कामगाराला मुंबईत जेवू घालणारी बाई. गिरणी चालू तेव्हा महिन्याला पैसे, गिरणी बंद तेव्हा उधारी. १९७३-७४ च्या गिरणी संपात ह्या बायकांनी आपले दागिने मोडून, वाण्याकडे नाव खर्ची घालून संपकऱ्यांना जेवू घातले, हे प्रेमा पुरव ह्यांनी पाहिले, आणि त्यातून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. सरकारी बँकांतून त्यांना छोटी कर्जे मिळू लागली. संप, महागाई आणि दुष्काळ एकत्र आले तेव्हा कामगाराला जे तिसरे दार उघडे सापडले, ते ह्या बाईच्या स्वयंपाकघराचे होते.

अशा एका मावशींना आम्ही पुष्कळ वर्षांनी भेटलो. १९८२ मध्ये त्यांच्याकडे बावीस मेंबर जेवत. लिहितावाचता येत नसल्यामुळे त्या वहीत प्रत्येकाच्या नावाऐवजी खूण काढीत: कोणाला चिलीम, कोणाला नारळ, एकाला म्हैस. खुणेपुढे जेवणांच्या रेघा. एकोणीस जणांनी पुढल्या काही वर्षांत पैसे आणून दिले. काहींनी मनीऑर्डरने, एकाच्या मुलाने बाप गेल्यावर. राहिलेल्या तिघांतले दोघे वारल्याचे त्यांना कळले, त्यांच्या रेघांवर त्यांनी आडवी रेघ ओढली होती. म्हशीची खूण असलेला साताऱ्याकडचा गडी उरला. त्याच्या रेघा तशाच होत्या. आम्ही म्हटले, "मावशी, ह्याने बुडवले म्हणायचे." मावशी म्हणाल्या, "बुडवलं कशाला? त्याचं यायचं राह्यलंय." आणि वही परत डब्यात ठेवून त्यांनी आमच्यापुढे चहा ठेवला.